गोगलगाईचा वाली कोण?

फ्रान्सच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर, बोर्दो शहरापासून जवळ, आर्काशोंचा उपसागर आहे. ओहोटी लागली की त्याचा बराचसा तळ उघडा पडतो, आणि म्हणूनच एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तिथे कालवांची शेती होत आली आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला एका विषाणूने इथली पोर्तुगीज जातीची कालवे जवळजवळ नाहीशी केली. शेतकऱ्यांनी जपानी जातीची कालवे आणून धंदा पुन्हा उभा केला, आणि जरा बस्तान बसते न बसते तोच दुसरे संकट दिसू लागले. शिंपले वेडेवाकडे, जाड आणि गोलमटोल होऊ लागले. त्यांच्या थरांमध्ये पोकळ्या पडून तिथे बुळबुळीत द्राव साठे, आणि आत मांस मात्र जेमतेम. असले कालव बाजारात कोणी हातात धरीना. १९७७ पासून तर नवी पिल्लेच धरेनाशी झाली. अंडी फलित होत, अळ्या जन्माला येत आणि थोड्याच दिवसांत मरून जात. वर्षाला १० ते १५ हजार टन माल देणाऱ्या या उपसागरातून १९८१ मध्ये जेमतेम ३ हजार टन माल निघाला.

विषाणूचा अनुभव ताजा असल्याने आधी संशय रोगावरच गेला. सागरी मत्स्यसंशोधन संस्थेतले क्लोद अल्झिए आणि त्यांचे सहकारी मात्र वेगळ्या दिशेने गेले. शिंपल्यांची विकृती सगळीकडे सारखी नव्हती. हौशी नौकांचे धक्के जिथे होते, तिथे ती अधिक होती. उन्हाळ्यात या उपसागरात हजारो छोट्या नौका येऊन राहत, आणि त्यांतल्या बहुतेकींच्या बुडाला ट्रायब्युटिल टिन, म्हणजे टीबीटी, या सेंद्रिय कथील संयुगाचा रंग असे. शेवाळ आणि बार्नॅकल चिकटू नयेत म्हणून तो लावलेला. निरोगी कालवे या रंगाच्या सान्निध्यात वाढवून पाहिली, तेव्हा त्यांचेही शिंपले तसेच बिघडले. जानेवारी १९८२ मध्ये फ्रेंच सरकारने २५ मीटरपेक्षा लहान नौकांवर या रंगांना मनाई केली. मनाई आधी तात्पुरती होती, पुढे ती वाढवत नेली गेली. त्याच उन्हाळ्यात कालवांची पिल्ले पुन्हा धरू लागली आणि पुढच्या काही वर्षांत उत्पादन सावरले.

इथून पुढची कथा सहसा सरळ रेषेत सांगितली जाते: शास्त्रज्ञांनी धोका ओळखला, जग सावध झाले, विषारी रंग गेले, पर्यावरणाला कमी घातक असे नवे लेप आले. तारखा या कथेला साथ देत नाहीत. फ्रान्सची मनाई १९८२ ची. जगभरच्या जहाजांना लागू होणारी बंदी अमलात आली १७ सप्टेंबर २००८ रोजी. मधल्या २६ वर्षांत पुराव्याची तंगी फारशी कधी नव्हती. तंगी होती ती फिर्यादीची. ज्याचे जळते त्यालाच कळते असे आपण म्हणतो. आर्काशोंमध्ये ज्यांचे जळत होते त्यांच्या नावावर समुद्रातली शेते होती, त्यांच्या संघटना होत्या, त्यांचा तोटा टनांत मोजता येत होता आणि ते मतदार होते. याच विषाने जिचे अधिक नुकसान झाले ती गोगलगाय कोणाच्याच मालकीची नव्हती. या प्रकरणातला कायदा किती वेगाने आला, कुठवर आला आणि कुठे अडला, याचा उलगडा मला विज्ञानाच्या प्रगतीपेक्षा या फरकातून अधिक नीट होतो.

त्यासाठी थोडे मागे जायला हवे. पाण्यात बुडालेल्या कोणत्याही पृष्ठभागावर काही तासांतच जिवाणूंचा पातळ थर जमतो, मग सूक्ष्म शेवाळ, मग बार्नॅकल, शिंपले, नळीत राहणारे किडे. जहाज जड होते, त्याचा वेग मंदावतो. लाकडी जहाजांना तर लाकूड पोखरणाऱ्या जहाजकिड्याचीही भीती. ब्रिटिश नौदलाने १७६१ मध्ये ‘अलार्म’ या युद्धनौकेच्या बुडाला तांब्याचे पत्रे ठोकले. वेस्ट इंडीजहून ती परतली तेव्हा तांबे स्वच्छ होते, पण त्याच्या संगतीने लोखंडी खिळे विरघळून गेले होते. तो प्रश्न पुढे सुटला. पण तांबे स्वतःच झिजत असे आणि ते महाग होते, म्हणून १८२३ मध्ये नौदलाने रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीकडे धाव घेतली. डेव्हीने तांब्याला लोखंडाचे छोटे तुकडे जोडले. तांब्याऐवजी लोखंड झिजू लागले आणि तांबे वाचले. कोचीनला बांधलेल्या ‘समरंग’ या जहाजावर प्रयोग झाला. तांबे खरोखरच शाबूत राहिले, आणि त्यावर समुद्री जीव बेफाम वाढले. डेव्हीची फजिती म्हणून हा किस्सा सांगतात, पण त्याने नकळत या साऱ्या विद्येचा पाया दाखवून दिला होता. तांबे विरघळते म्हणूनच ते जिवांना दूर ठेवते. जहाजाच्या बुडावरून जे झिजते ते समुद्रात जाते, आणि तसे ते गेले तरच बूड स्वच्छ राहते. लोखंडी जहाजे आली तेव्हा तांब्याचे पत्रे थेट ठोकणे अशक्य झाले. मग तांबे, पारा, आर्सेनिक असे जे हाती लागेल ते रंगात मिसळले जाऊ लागले. तत्त्व मात्र तेच राहिले.

टीबीटी या परंपरेतला नवा आणि, विचित्र वाटेल, पण अधिक ‘सुरक्षित’ वारस होता. १९५० च्या दशकात नेदरलँड्समधील उट्रेख्ट इथे खेरिट फान डर केर्क आणि त्यांचे सहकारी कथिलाच्या सेंद्रिय संयुगांचे जीवनाशक गुण तपासत होते. कथिलाला नवी बाजारपेठ हवी असलेल्या उद्योगाचे पैसे त्यामागे होते. त्याच दशकात, १९५४ मध्ये, फ्रान्समध्ये ‘स्टॅलिनॉन’ नावाच्या औषधाने सुमारे १०० माणसे दगावली. गळवांवर दिल्या जाणाऱ्या त्या औषधात इथिल गटाचे कथील संयुग होते. कथिलाची सेंद्रिय संयुगे निरुपद्रवी आहेत, असे त्यानंतर कोणी म्हणू शकत नव्हते. पण ब्युटिल गटाचे संयुग सस्तन प्राण्यांना त्या मानाने कमी घातक होते. शिवाय पाण्यात त्याचा एकेक ब्युटिल गट गळत जाऊन शेवटी साधे कथील उरते. पारा आणि आर्सेनिक यांच्या तुलनेत हे फारच सभ्य विष वाटावे यात नवल नाही. आता या हिशेबातली एक नोंद पाहा. बिल्हार्झिया हा रोग पसरवणाऱ्या गोड्या पाण्यातल्या गोगलगाई मारण्यासाठी टीबीटी १९६० च्या दशकातच वापरून पाहिले गेले होते. म्हणजे गोगलगाईंवर हे रसायन चालते हे पहिल्यापासून ठाऊक होते; किंबहुना तीच त्याची एक जाहिरात होती. पुढे समुद्री गोगलगाईंवर परिणाम दिसल्यावर साऱ्यांना जो धक्का बसला, त्या धक्क्याकडे म्हणूनच जरा संशयाने पाहावेसे वाटते.

सुरुवातीच्या रंगांत टीबीटी नुसते मिसळलेले असे, त्यामुळे ते आधी भसाभस पाझरे आणि वर्ष-दोन वर्षांत संपून जाई. १९७० च्या दशकाच्या मध्यात ‘इंटरनॅशनल पेंट’ या ब्रिटिश कंपनीतले मिल्न आणि हेल्स यांनी त्यावर नामी तोडगा काढला. टीबीटी रंगाच्या बहुवारिकालाच रासायनिक बंधाने जोडले. समुद्राचे पाणी वरच्या थरातला तो बंध तोडते, विष सुटते, आणि उरलेला थर विरघळून पाण्यात निघून जातो. साबणाच्या वडीसारखा हा रंग झिजत राही आणि दर वेळी खाली नवा, विषाने भरलेला, गुळगुळीत थर उघडा पडे. जहाज पाच-पाच वर्षे सुक्या गोदीत घ्यावे लागत नसे. जहाजमालकांच्या दृष्टीने याहून चांगले काही कधी निघाले नव्हते, आणि जगातल्या सुमारे ७० टक्के व्यापारी जहाजांच्या बुडाला पुढे हा रंग होता असे मानले जाते.

आता गोगलगाईकडे येऊ. इंग्लंडमधल्या प्लिमथच्या खडकांवर डॉग व्हेल्क नावाची समुद्री गोगलगाय राहते. तिच्या माद्यांना नरासारखे लिंग उगवत असल्याचे ब्लेबर या संशोधकाने १९७० मध्ये नोंदवले, आणि बंदराजवळ हे प्रमाण जास्त आहे हेही पाहिले. अमेरिकेत कनेटिकटच्या किनाऱ्यावर दुसऱ्या एका गोगलगाईत स्मिथ यांना हीच विकृती दिसली. तिला त्यांनी १९७१ मध्ये ‘इम्पोसेक्स’ हे नाव दिले आणि १९८१ मध्ये तिचा संबंध नौकांच्या धक्क्यांशी आणि टीबीटीच्या रंगांशी जोडला. आर्काशोंमध्येच ओसेनेब्रा नावाच्या गोगलगाईच्या माद्यांत हा बदल १९७० च्या दशकात पाहिला गेला होता. ही गोगलगाय शिंपला भोक पाडून आतले कालव खाते. ती कमी झाल्याबद्दल कालवांच्या शेतकऱ्याने तक्रार करावी अशी अपेक्षाही करता येत नाही. एकच पाणी, एकच विष, एकाच काळात झालेल्या दोन इजा. एकीची दखल मंत्रालयाने घेतली, दुसरी प्राणिशास्त्राच्या नियतकालिकांत पडून राहिली.

यावर आक्षेप घेता येईल की १९८२ मध्ये गोगलगाईचा पुरावा पक्का नव्हता. कार्यकारणभाव सिद्ध झाला तो पुढे. आक्षेपात तथ्य आहे. प्लिमथच्या सागरी जीवशास्त्र संस्थेतले ब्रायन आणि गिब्स यांनी १९८० च्या दशकाच्या मध्यात तो निःसंशय सिद्ध केला. लिटरमागे सुमारे १ नॅनोग्रॅम टीबीटी, म्हणजे १०० कोटी लिटर पाण्यात एक ग्रॅम, एवढ्यावर विकृती सुरू होते. प्रमाण त्याच्या काही पटींत गेले की मादीची अंडवाहिनी बंद होते, अंडी आतच अडकतात आणि ती वांझ होते. डॉग व्हेल्कच्या पिल्लांना पाण्यात तरंगत दूर जाण्याची अवस्थाच नसते, त्यामुळे एका खडकावरची वस्ती संपली की शेजारून भरपाई होत नाही. ब्रिटनच्या दक्षिण किनाऱ्यावर कित्येक ठिकाणी ती संपलीच. पण कालवांच्या बाबतीत तरी १९८२ मध्ये यंत्रणा कुठे उलगडली होती? शिंपला जाड का होतो याचे जीवरसायन कोणालाच नीट सांगता येत नव्हते. परिस्थितिजन्य पुराव्यावर निर्णय झाला, आणि योग्यच झाला. तेवढाच परिस्थितिजन्य पुरावा गोगलगाईच्या बाबतीत अपुरा ठरला. पुराव्याची पातळी कोण मागतो आणि कोणासाठी मागतो यावर ठरत असेल, तर तिला निव्वळ वैज्ञानिक निकष म्हणणे कठीण आहे.

कायद्याचा आकारही हेच सांगतो. फ्रान्सनंतर ब्रिटनने १९८७ मध्ये आणि अमेरिकेने १९८८ मध्ये टीबीटीवर निर्बंध आणले. ब्रिटनमध्येही मुद्दा आधी पेटला तो एसेक्समधल्या कालवांच्या खाड्यांवरून. या कायद्यांची सीमारेषा जवळपास सगळीकडे तीच राहिली: २५ मीटर लांबी. उथळ उपसागरांत, शेतांच्या शेजारी उभ्या राहणाऱ्या नौका त्या रेषेच्या खाली होत्या. तेलवाहू जहाजे, मालवाहू जहाजे, नौदले त्या रेषेच्या वर. रंगाचा बहुतांश खप याच दुसऱ्या गटाचा होता, म्हणजे खरा व्यापार शाबूत राहिला. समर्थन असे दिले जाई की मोठी जहाजे खोल समुद्रात असतात, तिथे विष विरळ होऊन जाते आणि लवकर विघटते. ऐकायला हे सयुक्तिक होते. पण जहाजे बंदरातही थांबतात, आणि गाळात शिरलेले टीबीटी वर्षानुवर्षे टिकते. शेटलंड बेटांवरच्या सलोम व्हो इथे हौशी नौकांची गर्दी नाही, आहे ते तेलाचे बंदर. तिथल्या डॉग व्हेल्क माद्या बाधित असल्याचे १९८० च्या दशकातच दिसले. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उत्तर समुद्रातल्या पाहणीने भर समुद्रातल्या व्हेल्क जातीच्या मोठ्या गोगलगाईंमध्ये इम्पोसेक्स दाखवला, आणि जहाजांची वर्दळ जिथे जास्त तिथे तो जास्त होता. ‘विरळ होऊन जाते’ हा युक्तिवाद तिथेच संपायला हवा होता. तो आणखी काही वर्षे चालला.

जहाज उद्योगाचा सर्वांत वजनदार आक्षेप मात्र वेगळा होता, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. बूड स्वच्छ नसेल तर इंधन जास्त जळते, धूर जास्त होतो, आणि बुडाला चिकटून परके जीव एका खंडातून दुसऱ्या खंडात जातात. अमेरिकी नौदलाच्या एकाच वर्गातल्या विनाशिकांना या वाढीपायी वर्षाला सुमारे ५.६ कोटी डॉलरचा भुर्दंड पडतो, असा हिशेब २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हा टीबीटी काढून टाकायचे तर त्या जागी काय, हा प्रश्न रास्तच होता. आणि ‘त्या जागी काहीच नाही’ हे उत्तर खोटे होते. मगाशी नाव आलेल्या मिल्न यांच्याच नावावर, त्याच कंपनीसाठी, १९७७ मध्ये अमेरिकेत आणखी एक पेटंट नोंदले गेले. ते सिलिकॉन रबर आणि तेल यांच्या लेपाचे होते. त्यात विष नाही. पृष्ठभाग इतका निसरडा आणि मऊ की जिवाला घट्ट धरता येत नाही. जहाज वेगाने चालू लागले की चिकटलेले आपोआप निघून जाते. मारण्याऐवजी टिकू न देण्याची ही कल्पना, जिच्यावर आजचे बरेचसे निर्विष लेप उभे आहेत, टीबीटीच्या सर्वांत यशस्वी रंगाच्या शेजारच्या टेबलावर जन्मली आणि जवळपास वीस वर्षे कपाटात राहिली. तिच्यात उणिवा होत्याच: लेप महाग, ओरखडा लागला की फाटणारा, संथ किंवा बराच काळ उभ्या राहणाऱ्या जहाजांना निरुपयोगी. पण त्या उणिवांवर जोर लावून काम झाले ते १९९० च्या दशकात, टीबीटीचे दिवस भरले हे दिसू लागल्यावर. जपानचे उदाहरण याला दुजोरा देते. जपानने १९९० च्या सुमारास टीबीटीवर कडक निर्बंध घातले, आणि तिथल्या रंग कंपन्यांनी तांबे, जस्त किंवा सिलिल गट जोडलेले, कथील नसलेले झिजणारे रंग लगोलग बाजारात आणले. ‘पर्याय नाही म्हणून कायदा नको’ असे म्हणणाऱ्यांना या क्रमाचे उत्तर देणे अवघड जावे.

शेवटी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने १९९९ मध्ये मुदत आखली: २००३ पासून नवा रंग लावणे बंद, २००८ पासून जहाजाच्या बुडावर असणेच बंद. ५ ऑक्टोबर २००१ रोजी करार झाला. तो अमलात यायला २५ देश आणि जगातल्या जहाजी टनभाराचा चौथा हिस्सा मागे हवा होता. यात मेख अशी की हा टनभार बराचसा सोयीच्या ध्वजाखाली, म्हणजे पनामासारख्या देशांत नोंदलेला. युरोपीय संघाने २००३ मध्ये स्वतःचा नियम करून वाट मोकळी केली, पण करार खोळंबलेलाच राहिला. सप्टेंबर २००७ मध्ये पनामाने मान्यता दिली तेव्हा आकडा पुरा झाला, आणि ठरल्याप्रमाणे वर्षभराने करार लागू झाला. त्याच सुमारास गोव्यात दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले संशोधक आपल्या पश्चिम किनाऱ्यावर ब्युटिल टिनचे अंश पाण्यात, गाळात आणि प्राण्यांत मोजत होते, आणि भारतीय किनाऱ्यावरच्या गोगलगाईंतही इम्पोसेक्सची नोंद करत होते. लोहखनिजाची अवाढव्य जहाजे मुरगावला येत होती, त्यांच्या बुडावर काय होते ते कोणापासून लपलेले नव्हते. आपल्याकडे त्यावरून कोणती चळवळ झाली नाही. आर्काशोंसारखी कालवांची भांडवली शेती इथे नव्हती. होत्या त्या खडपांवरून कालवे काढून टोपलीभर बाजारात नेणाऱ्या बायका, आणि त्यांचा तोटा कोणी टनांत मोजत नव्हते.

बंदी फळली, हे नोंदवायला हवे. ब्रिटनच्या खडकांवर डॉग व्हेल्क बऱ्याच ठिकाणी परतल्या, सलोम व्होमध्येही विकृतीचे प्रमाण उतरले. मात्र जे रंग पुढे आले ते सगळेच सिलिकॉनच्या वाटेने गेले नाहीत. मोठा हिस्सा पुन्हा तांब्याकडे वळला. तांब्याला दाद न देणाऱ्या शेवाळासाठी त्यात इर्गारॉलसारखी तणनाशके मिसळली गेली. इर्गारॉल प्रकाशसंश्लेषण रोखते, म्हणजे जहाजाच्या बुडावरच्या शेवाळाचे जे करते तेच समुद्री गवताचेही करते. फ्रान्सच्या भूमध्य किनाऱ्यावर ते पाण्यात सापडल्याचे १९९३ मध्येच प्रसिद्ध झाले होते. आंतरराष्ट्रीय करारात त्याची बंदी जोडली गेली २०२१ मध्ये, आणि लागू झाली १ जानेवारी २०२३ पासून. तीस वर्षे. समुद्री गवतही कोणाच्या मालकीचे नसते.

तांब्याची गोष्ट याहून वेगळी आहे, कारण तिथे फिर्यादी आहे. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात सामन मासा हा मोठा व्यवसाय आहे आणि आदिवासी जमातींचा तो करारांनी मान्य झालेला हक्कही आहे. विरघळलेल्या तांब्याने सामनच्या पिल्लांची वास घेण्याची शक्ती बोथट होते, हे दिसल्यावर राज्याने २०११ मध्ये कायदा केला: नव्या हौशी नौकांवर तांब्याचे रंग २०१८ पासून बंद. मुदत जवळ आली तेव्हा राज्याच्या पर्यावरण खात्याने तांब्याऐवजी बाजारात असलेले रंग तपासले. त्यांतले काही तांब्याहून अधिक घातक ठरू शकतात असा निष्कर्ष निघाला, आणि विधिमंडळाने बंदी पुढे ढकलली. रंग विकणाऱ्यांना ते सोयीचे झाले यात शंका नाही, आणि पुढे ढकलण्याची सवय लागते हेही खरे. पण ‘याच्या जागी येणारे कोणाला मारेल’ ही चौकशी इथे आधी झाली, आणि जे कोणी विकत नाही अशा जिवांचाही त्या तपासणीत विचार झाला. टीबीटी बाजारात आले तेव्हा गोगलगाईंवरच्या प्रयोगांची कागदपत्रे उपलब्ध असूनही ती चौकशी कोणी केली नव्हती.